बसणाऱ्याची डावी भिंत

ठेकेदार निवडण्याआधी त्याला विचारायचे दहा प्रश्न

१. तुम्ही आधी केलेली कामं बघायला मिळतील का?

२. काम सुरू कधी कराल, संपवाल कधी?

३. तुम्ही मापं कशी घेता?

तिसऱ्यापाशी पेन अडलं. अडीच वाजलेत. पाच वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी ही यादी न्यायला येणार आहेत.

काल त्या जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती आणि धाप लागली होती, तरी थांबल्या.

"बाई, तुमचं न्हाणीघर नवं झालं ना? आमच्या सासूबाईंचे गुडघे पार गेले. आता आमचंही करून घ्यायचंय. ठेकेदाराला काय काय विचारायचं ते मुद्देसूद लिहून द्या बघू. तुम्ही शाळेतल्या. आमची गाडी 'चहा घेणार का'च्या पुढे जात नाही."

"देते की."

"दोघं बघून गेलेत. एक तुमचाच तो चकाचक. दुसरा मिस्त्री, दोन कानांवर दोन पेन्सिली लावणारा. मला खरं तर मिस्त्री बरा वाटला. सासूबाईंशी अर्धा तास बोलत बसला होता. पण तुमचे हे म्हणाले की, त्याने तुमच्याकडे मापं चुकवली आणि बाबा पडले. खरं ना?"

मी 'हं' म्हटलं. 'हो' म्हणायचं धाडस नव्हतं आणि 'नाही' म्हणायची दानत नव्हती.

"मग नकोच बाई तो," म्हणत वहिनी वर गेल्या.

३. तुम्ही मापं कशी घेता?

मिस्त्रीने कशी घेतली ते सांगते.

तो आला तेव्हा न्हाणीघराकडे गेलाच नाही. बाबांच्या खोलीत गेला. बाबा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात गेला आणि बरेचसे शब्दही. उरलेत चार: हो, नाही, बस आणि गाढव. पन्नास वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. त्यामुळे मिस्त्रीच्या कंबरेची टेप बघून ते लगेच सावरून बसले.

"दोन पेन्सिली कशाला हो?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"एक भिंतीची, एक कागदाची. भिंतीची कागदाला लावली की कागद फाटतो, आणि कागदाची भिंतीला लावली की बायको ओरडते. ती तिच्या पैशाने आणलेली असते."

मग त्याने बाबांना हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि कमोडचं झाकण लावून त्यावर बसवलं. "बाबा, आता उठायचंय असं समजा. हात आपणहून जाईल तिथे जाऊ द्या." बाबांचा डावा हात वर गेला. मिस्त्रीने भिंतीवर खूण केली. पुन्हा, आणि पुन्हा. तिन्ही खुणा बोटभर जागेत बसल्या. बाबा खूश झाले. खिशातून स्वतःची टेप काढून त्यांनी ती मिस्त्रीपुढे धरली. दोन वर्षांत ती टेप त्यांनी मलाही हाताळू दिली नव्हती.

मोजून झाल्यावर बाबांना बाहेर खुर्चीत बसवलं आणि मिस्त्री स्वतः त्या झाकणावर बसला. मांडीवर पाटी घेऊन कागदावर आखू लागला.

"अहो, बाहेर टेबल आहे," नवरा म्हणाला.

"असू दे. दारातून खोली पाहुणा बघतो. मी रोज बसणाऱ्याच्या जागेवरून काढतो."

"हो!" बाबा बाहेरून म्हणाले. गिऱ्हाइकाच्या अंगात शिरून माप घ्यावं, असं तेही पूर्वी म्हणायचे.

तेव्हा मी मोबाइल पुढे केला. त्यात काचेचं पार्टिशन होतं, धुरकट, वर स्टीलची पट्टी. एका हॉटेलात बघून मी त्याचा फोटो काढून ठेवला होता.

मिस्त्रीने फोटो लांब धरून बघितला. "सुंदर आहे. पण बाबा तोल गेला की काचेला हात लावतील, आणि ओल्या काचेवर हात टिकत नाही. ताई, हे बाबांसाठी करताय की येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी?"

त्याने हे हसत म्हटलं. नवराही हसला. बाबा मोठ्याने "गाढव!" म्हणाले. ते कुणाला म्हणाले हे सगळ्यांना कळलं. वर्गात माझ्यावर कुणी हसलं तर मी त्याला उभं करते. इथे ज्याला उभं करावं तो माझ्याच कमोडवर बसून माझ्या बापाची मापं लिहीत होता.

"सहा आठवड्यांनी सुरू करतो," जाताना तो म्हणाला. "हातातलं घर संपल्याशिवाय दुसऱ्या घरात पाय टाकत नाही." आणि कागद माझ्या हातात देऊन गेला. त्याची प्रत त्याने ठेवली नाही. त्याचं सगळं डोक्यात असतं.

४. आराखडा कोण काढणार?

चकाचक हे नाव नवऱ्याने ठेवलं. ठेकेदाराचे बूट तसे होते, गाडी तशी होती आणि तो बोलायचाही तसाच. त्याने टॅबवर आमचंच न्हाणीघर फिरवून दाखवलं, काचेच्या पार्टिशनसकट. कोपऱ्यात एक कुंडीसुद्धा होती. मी हरखले. माणूस वाईट नव्हता. वहिनी, हे तुम्ही ध्यानात ठेवा. त्याने सांगितलेल्या दिवशी काम सुरू केलं आणि सांगितलेल्या दिवशी संपवलं.

तो म्हणाला, "मॅडम, आमचा आराखडा यायला दहा दिवस लागतील. तुमच्याकडे मापांचा काही कागद असेल तर सोमवारीच भिंती उघडतो."

"आहे ना. उद्या देते."

~~५. कामात चूक झाली तर जबाबदारी कोणाची?~~

हा प्रश्न खोडला आहे. नंतर येईल.

४. (पुन्हा) आराखडा कोण काढणार?

कागदाच्या तळाला मिस्त्रीचं नाव आणि नंबर होता. एवढ्यासाठी मी बाबांची मोठी कात्री घेतली. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कात्रीने कागद वेडावाकडा कापला जातो, बाबांच्या कात्रीने रेघ सरळ येते. एका दमात दोन बोटं रुंदीची पट्टी खाली पडली. आतल्या खोलीत बाबांनी मान वर केली. त्या कात्रीचा आवाज ते झोपेतही ओळखतील.

ठेकेदाराने कागद बघून भुवया उंचावल्या. "अरे वा! उंच्या, अंतरं, सगळं आहे. कोणी काढलं?"

आता माझं उत्तर लिहिते. इतके दिवस ते मनातही नीट उच्चारलेलं नाही.

"मीच. गणित शिकवते ना."

"तरीच!" तो म्हणाला. मी लाजल्यासारखं हसले. खोटं कौतुकही गालांवर खऱ्यासारखंच चढतं.

दरवर्षी परीक्षेत दोनतीन मुलं नक्कल करताना सापडतात. बरोबर उत्तराची नक्कल कधीच पकडता येत नाही. दोन पेपरांत एकच चूक एकाच जागी दिसली की पकडता येते. मी त्या मुलांना समोर उभं करून विचारते, "हे तुझं तुला समजलंय का?" ती खाली बघतात.

६. काम चालू असताना घरातल्यांनी कुठे राहायचं?

आम्ही बाबांना भावाकडे ठेवलं. धूळ नको म्हणून. म्हणजे न्हाणीघर ज्यांच्यासाठी होतं ते सोडून बाकी सगळे काम बघायला हजर होते.

झालं तेव्हा डोळे दिपले. मी शाळेतल्या चौघींना बोलावून दाखवलं. चौघींनी दारात उभं राहून "अय्या!" केलं. दारातूनच.

बाबा परत आले त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी काच बघितली, नळ बघितले. मग बसायच्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही."

"काय नाही, बाबा?"

"नाही. नाही." डावा हात हलवत.

चकचकीत दांडा भिंतीवर होता. अगदी ठरल्या उंचीवर. फक्त बसणाऱ्याच्या उजवीकडे होता, म्हणजे गेलेल्या हाताच्या बाजूला.

मला तिथेच सगळं कळलं. कागदावर 'डावी भिंत' लिहून दांडा दाखवला होता. ठेकेदाराच्या माणसांनी दारात उभं राहून डावी भिंत धरली, जगातला कोणताही माणूस धरेल तशी. मिस्त्रीची डावी ही बसणाऱ्याची डावी होती. आणि तसं त्याने लिहिलंही होतं. तळाला, नावाच्या वर.

त्या पट्टीवर.

"होईल सवय, बाबा," मी म्हणाले.

६. (उरलेलं)

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आत गेले. मी पेपर तपासत होते. वीस मिनिटं झाली, तीस झाली. वाटलं, नवं आहे, बसले असतील आरामात. चाळीस मिनिटांनी मी हाक मारली. उत्तर आलं नाही. दार ढकललं तर ते कमोड आणि भिंतीच्या मध्ये घसरून बसले होते, डावा पंजा कोऱ्या टाइलवर पसरून. कंबरेला काळंनिळं झालं होतं. हाड वाचलं.

त्यांनी मला बोलावलं नव्हतं. चारच शब्द उरले असले तरी 'गाढव' अशी हाक मारता आली असती. मारली नाही. लेकीने आपल्याला असं बघू नये म्हणून मारली नाही. त्यांना लाज वाटत होती. त्यांना!

५. कामात चूक झाली तर जबाबदारी कोणाची?

ठेकेदार आला. त्याने माझाच कागद माझ्यापुढे उलगडला. "मॅडम, डावी लिहिलंय, डावीकडे लावलाय. कागद तुमचा. हलवायचं तर ही टाइल पुन्हा मागवावी लागेल. तीन आठवडे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू काढलंस हे?"

"मापं मिस्त्रीची होती," मी म्हणाले. "मी फक्त त्याच्यावरून..."

पुढचं वाक्य मी पुरं केलं नाही. अर्धवट वाक्याचा हा फायदा असतो की उरलेलं अर्धं खोटं समोरचा स्वतःच जोडून घेतो.

"तरी मला वाटलंच होतं," नवरा म्हणाला. "कमोडवर बसून आखणारा माणूस!"

तो बिचारा सरळ माणूस आहे. त्याला जे खरं वाटलं ते त्याने इमारतीत चार जणांना सांगितलं. चार जणांनी आणखी आठांना. दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर मिस्त्री करणार होता, ते काम त्याच्या हातून गेलं.

कागद चांगला होता तेव्हा माझा. बाबा पडले तेव्हा त्याचा.

(याला क्रमांक नाही)

आठ दिवसांनी मिस्त्री आला. मी न बोलावता. एकच पेन्सिल होती कानावर.

"ताई, माझ्यामुळे बाबांना लागलं असं कानावर आलं. म्हटलं, एकदा बघून येतो."

तो माझ्यावर चिडेल याची मी वाट बघत होते. 'माझा कागद दुसऱ्याला दिलात ना?' असं त्याने म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं काम झालंय हे तर त्याला दिसतच होतं. तो सरळ आत जाऊन झाकणावर बसला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला. हात टाइलवर आपटला. त्याने डोळे उघडले, उजवीकडच्या दांड्याकडे बघितलं.

"मी तर डावीकडे..." तो म्हणाला. "डावीकडेच काढलं होतं मी. काढलं होतं ना, ताई?"

बाबा दारात उभे होते, काठीवर.

"आता नीट आठवत नाही, मिस्त्री," मी म्हणाले.

वहिनी, या यादीतलं हे एकच वाक्य तुम्ही दोनदा वाचा.

त्याने मान हलवली. "वय होतंय. तीस वर्षांत असं झालं नव्हतं." दुसऱ्या दिवशी तो स्वतःचं ड्रिल घेऊन आला, टाइलला तडा जाऊ न देता दांडा डावीकडे बसवला आणि स्वतः दोनदा त्याला लोंबकळून बघितलं. उजवीकडची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "चुकीचे पैसे घेतात का कुणी?"

जाताना म्हणाला, "आता माप घेताना भाचीला सोबत नेतो. एकट्याचा भरवसा नको."

बाबांनी त्या संध्याकाळी मला हात लावू दिला नाही. स्वतः दांडा धरून उठले. उठताना माझ्याकडे बघितलं. वर्गात मी ज्या नजरेने बघते, ती नजर मी कुठून घेतली ते मला तेव्हा कळलं.

७.

पट्टी मी टाकली नव्हती. का, ते ठाऊक नाही. कंपासपेटीत कोनमापकाखाली दुमडून ठेवली होती. आता टेबलावर आहे. त्यावर, कागदाच्या पेन्सिलीने:

*डावं-उजवं बसणाऱ्याचं धरावं. दारातून बघणाऱ्याचं नाही.*

आणि खाली नाव, नंबर.

मी नंबर कापत होते, मला काय माहीत वर काय लिहिलंय, असं मी स्वतःला सांगत आले. हेही खोटं. कापण्याआधी मी ते वाचलं होतं. ठेकेदाराला तोंडाने सांगता आलं असतं. पण तो म्हणाला असता, "मॅडम, असं का काढलंत?" आणि मला उत्तर आलं नसतं. ते माझं नव्हतंच.

ठेकेदार इथेच ठेवून गेलेला मूळ कागद नवऱ्याच्या फायलीत सापडला. चिकटपट्टीने दोन्ही जोडले. काप इतका सरळ होता की सांधा दिसतही नाही.

पावणेपाच.

८, ९, १०. माझ्याकडे नाहीत.

यादी इथे संपली. पाचला बेल वाजली. वहिनी आत आल्या, चष्मा लावून खुर्चीत बसल्या. नवरा पेपर वाचत होता. बाबा खिडकीशी होते.

मी त्यांच्या हातात ती पानं दिली आणि जोडलेला कागद दिला.

"अगंबाई, एवढं! दहाच प्रश्न म्हणाले होते मी." त्या वाचू लागल्या. पहिल्या पानावर हसल्या, दोन पेन्सिलींपाशी. मग हसणं थांबलं. मी उभीच होते. वर्गात उभं केल्यावर हात कुठे ठेवायचे ते मुलांना कळत नाही, ते मला आता समजलं.

त्यांनी शेवटचं पान खाली ठेवलं, जोडलेला कागद उजेडात धरला आणि बोटाने तो सांधा शोधला.

"म्हणजे तुमचे हे सांगत होते ते..."

"काय सांगत होतो?" नवऱ्याने पेपर खाली केला.

"मिस्त्रीने चूक केली नव्हती," मी म्हणाले. "त्याचा कागद मी चोरला. त्याने काय लिहिलं होतं ते कापून टाकलं. बाबा माझ्यामुळे पडले. आणि मी नाव त्याचं घेतलं."

नवऱ्याने पेपर टेबलावर टाकला. "अगं, मी अख्ख्या इमारतीला सांगत फिरलो!"

"हो."

"मला तोंडघशी पाडलंस तू."

"हो."

वहिनींनी चष्मा काढला. त्या माझी समजूत घालतील अशी एक चोरटी आशा मला होती. 'असू दे हो, होतं असं' एवढं तरी.

"मी आज सकाळीच त्याला फोन करून नको सांगितलं," त्या म्हणाल्या. "कारण विचारलं नाही त्याने. 'बरं ताई, सासूबाईंना जपा,' एवढंच म्हणाला." त्या उठल्या. "मला तोच हवाय. पण मी नाही आता फोन करणार. मी कोणत्या तोंडाने करू? तुम्ही करा बाई. आणि कारण सांगून करा. मी इथेच थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या, हाताची घडी घालून.

मी मोबाइल उचलला. नंबर पट्टीवरून बघून लावला. बाबांनी खुर्ची खिडकीकडून वळवून माझ्याकडे तोंड केलं. त्यांना एका हाताने ते करायला वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही.

चार रिंगनंतर फोन उचलला गेला. मागे कुठेतरी टाइल कापायचं मशीन चालू होतं, ते बंद झालं.

"बोला ताई," मिस्त्री म्हणाला. आणि मी तोंड उघडायच्या आत, घाईने, काळजीने: "दांडा हलतोय का? येऊ का लगेच?"

"नाही मिस्त्री," मी म्हणाले. "दांडा घट्ट आहे. तुम्ही जरा बसा कुठेतरी. मला तुम्हाला एक सांगायचंय."